मोटारीचे मोल

आमच्या पिढीतील अनेक घरांत मोटार ही दागिन्यांच्या पंक्तीत बसणारी वस्तू होती. अडीनडीला ती मोडता येईल आणि मोडताना चार पैसे अधिकच येतील, असा विश्वास असे. आज नातवंडांना हे सांगितले तर ती हसतात. पण तो विश्वास भाबडा नव्हता. त्यामागे एका काळाचा इतिहास आहे.

स्वातंत्र्यानंतर मोटारींचे उत्पादन परवान्यांनी बांधलेले होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट आणि उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, एवढीच बहुतेकांची निवड. नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. १९६९ साली सरकारने नव्या मोटारींच्या किमतीवर नियंत्रण घातले; वापरलेली मोटार मात्र गरजवंताच्या भावाने जाई. घेणारा त्या वाढीव पैशात लोखंडाचे मोल देत नसे, रांगेत वाचलेल्या वर्षांचे देत असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० सुमारे ५० हजार रुपयांत आली, तेव्हा तिलाही आरंभी असेच अधिमूल्य मिळे.

१९९३ साली हा उद्योग परवानामुक्त झाला. रांग संपली, आणि रांगेचे मोलही संपले. आमच्या ध्यानी मात्र ते आले नाही. वडिलांची फियाट नऊ वर्षे वापरून खरेदीच्या किमतीहून अधिकाला गेली होती. त्यात महागाईचाही वाटा होता, हा विचार आम्ही केला नाही. १९९५ साली भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून आम्ही नवी मोटार घेतली आणि चिरंजीवांच्या अभियांत्रिकी शिक्षणाच्या हिशेबात तिची किंमत जमेस धरली. २००३ साली इंदुरातील एका दलालाने मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आकडा सांगितला. आम्हांस तो अपमान वाटला. तो शांतपणे म्हणाला, “साहब, नई तो अब किश्तों में मिलती है.” कमी पडलेली रक्कम सौभाग्यवतींच्या पाटल्यांनी भरून काढली.

आयुष्यभर सरकारी नस्त्या चाळणाऱ्या आम्हांला ही घट छापील स्वरूपात आधीच पाहता आली असती. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात मोटारीच्या जाहीर किमतीतून करावयाची वजावट दिलेली आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. पथकर आणि नोंदणीशुल्क हे तर विकताना वेगळे हाती येतच नाहीत. शिवाय नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला, तेव्हा वापरलेल्या मोटारींच्या बाजारालाही त्याची झळ बसलीच.

म्हणून निवृत्तीची पुंजी हाती आलेल्या आमच्या स्नेह्यांना एकच सांगणे आहे. मोटार अवश्य घ्यावी. गुडघे दुखू लागल्यावर तिचे सुख मोठे असते. पण तिची रक्कम खर्चाच्या रकान्यात लिहावी, ठेवींच्या नव्हे. वडिलांचा हिशेब त्यांच्या काळापुरता बरोबर होता. आम्ही काळ न पाहता तो उतरवून घेतला, आणि त्याची किंमत पाटल्यांनी मोजली.