उस्मानाबाद जिल्ह्यातील हिंसाचार (१९४७–४८)

हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या वर्षात उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात झालेला हिंसाचार. त्याचे दोन टप्पे पडतात. ऑगस्ट १९४७ ते सप्टेंबर १९४८ या काळात रझाकारांनी, म्हणजे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, मुख्यतः हिंदू रयतेवर व स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांवर अत्याचार केले. संस्थानी पोलिसांची त्यांना साथ होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, त्या कारवाईत व पुढच्या काही आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. मराठीतील बहुतेक लेखन पहिल्या टप्प्याचे सविस्तर वर्णन करून १७ सप्टेंबरच्या शरणागतीपाशी थांबते. प्रस्तुत नोंदीत दोन्ही टप्पे एकत्र घेतले आहेत, कारण गावे तीच होती आणि कारणांची साखळीही तीच होती.

व्याप्ती : त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात लातूर व औसा यांचा समावेश होता. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे या विषयात ‘उस्मानाबाद’ म्हटले की लातूर शहर धरूनच वाचावे लागते. तसे न केल्यास लातुरातील कत्तल ही सर्वांत मोठी घटना हिशेबाबाहेर राहते.

पूर्वपीठिका : निजामाकडील ‘हैदराबाद कंटिन्जंट’ फौजेच्या खर्चाचे देणे थकल्याने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १८६० मध्ये निजामाकडे परत आला. मधल्या काळात फिलिप मेडोज टेलर हा नळदुर्गला राहून कारभार पाहत होता. पुढे दिवाण सालारजंगाच्या जिल्हाबंदीत नळदुर्ग हा जिल्हा ठरला. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याचे ठाणे धाराशिवला हलले आणि मीर उस्मान अली खान या सातव्या निजामाच्या नावावरून गावाला व जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले.

परत आलेल्या मुलखाचा कारभार एकसंध नव्हता. काही गावे दिवाणी म्हणजे सरकारी, काही सर्फेखास म्हणजे निजामाच्या खासगी उत्पन्नाची, तर गुंजोटी-लोहाऱ्याकडची पायग्याची म्हणजे निजामाच्या बड्या सरदार घराण्यांची. शिवाय जहागिरी वेगळ्या. एका शिवारातील कुळाची दाद तहसीलदाराकडे, तर बांधापलीकडच्या कुळाची जहागीरदाराच्या कारकुनाकडे. कारभाराची व न्यायाची भाषा उर्दू. संस्थानात मुसलमान लोकसंख्या आठव्या हिश्श्याच्या आसपास, पण नोकऱ्यांत, विशेषतः पोलीस व फौजेत, त्यांचे प्रमाण पुष्कळ अधिक. सामान्य मुसलमान विणकर, पिंजारी किंवा शेतमजूर याला या सत्तेतून काही मिळत नव्हते. तरी गावाच्या नजरेत अमीन, जमादार आणि शेजारचा पिंजारी एकाच बाजूचे ठरले. पुढच्या सगळ्या हिशेबात ही गोष्ट अत्यंत महाग पडली.

राजकीय वाट कोंडली गेली हे दुसरे कारण, आणि या नोंदकर्त्याच्या मते मुख्य कारण. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या परिपत्रकाने सभेला परवानगी सक्तीची झाली. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच बंदीत अडकली. त्याच वर्षी काँग्रेस आणि आर्य समाज यांचे सत्याग्रह सुरू झाले. जिल्ह्यातील गुंजोटीच्या वेदप्रकाश यांच्या हत्येने आर्य समाजाच्या चळवळीला पहिला हुतात्मा दिला. दुसऱ्या बाजूला मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनने (स्थापना १९२७) सार्वभौमत्व मुसलमान समाजाचे आणि निजाम त्याचे प्रतीक, हा ‘अनल मलिक’चा (‘मीच राजा’) विचार पसरवला. जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्याला हिंदुराज्य मागणारा ठरवणे त्यामुळे सोपे झाले. सनदशीर मागणीला जागा उरली असती, तर शस्त्रे इतक्या लवकर बाहेर आली नसती.

राष्ट्रीय शाळा, हिप्परगा : लोहारा भागातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये सुरू झालेली ही शाळा सरकारी शिक्षणपद्धतीबाहेरचे मराठी शिक्षण देत असे. येथील शिक्षक व्यंकटेश खेडगीकर यांनी १९३२ मध्ये संन्यास घेतला. तेच पुढे स्टेट काँग्रेसचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ. चळवळीतील दुसरे पुढारी बाबासाहेब परांजपे हेही याच शाळेचे.

कासीम रझवी आणि लातूर : रझाकार संघटनेचा सर्वोच्च नेता याच जिल्ह्यातला. कासीम रझवी अलीगढला शिकून लातूरला वकिली करत असे. इत्तेहादचे नेते बहादूर यार जंग १९४४ मध्ये मरण पावले आणि १९४६ मध्ये संघटनेचे अध्यक्षपद रझवीकडे आले. लातूर ही त्या वेळी मोठी बाजारपेठ होती. मिरज-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर या बार्शी लाइट रेल्वेने तिचा व्यापार इंग्रजी हद्दीतील बार्शीशी बांधलेला होता आणि पेठेत सधन कच्छी मुसलमान व्यापारीही होते. रझवीला पुढे शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला व १९७० मध्ये कराचीत वारला.

सरहद्द : सोलापूर-बार्शीची इंग्रजी हद्द आणि मोगलाई (निजामाचा मुलूख) यांची गावे एकमेकांत घुसलेली होती. एका गावावरून दुसऱ्या गावाला जाताना सरकार बदले. १५ ऑगस्ट १९४७ नंतर याच कारणाने जिल्हा आघाडीवर आला. काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीपलीकडे कँप उभारले. तेथून नाकी, चावड्या व ठाण्यांवर हल्ले होत. या भागातील पुढाऱ्यांत फुलचंद गांधी हे प्रमुख होते. त्याला उत्तर म्हणून रझाकार गावे लुटत व जाळत, खंडण्या वसूल करत. भारताशी २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला, पण त्याने गावातली परिस्थिती बदलली नाही. शेकडो कुटुंबे गाड्या जुंपून सोलापूर-बार्शीकडे निघाली. जुलै १९४८ मध्ये सोलापूर-बार्शी रस्त्यावरील संस्थानी हद्दीच्या नान्नज गावाजवळ भारतीय तुकडीवर हल्ला झाला व भारतीय सैन्याने ते गाव ताब्यात घेतले. कँपांच्या हल्ल्यांत निरपराध गावकरीही सापडले काय, याबाबत लेखकांत एकवाक्यता नाही.

लष्करी कारवाई : सरकारी भाषेत ‘पोलीस ॲक्शन’, सैन्याच्या कागदांत ‘ऑपरेशन पोलो’. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालील मुख्य फौज सोलापूर-हैदराबाद रस्त्याने शिरली, म्हणून पहिल्या दिवसाची बहुतेक लढाई याच जिल्ह्यात झाली. १३ सप्टेंबरच्या पहाटे ७ व्या ब्रिगेडने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल अभंग अवस्थेत ताब्यात घेतला. पूल उडाला असता तर पावसाळ्यातल्या बोरीपाशी रणगाडे अडले असते. संपूर्ण चढाईचा वेग या एका पुलाने ठरवला. किल्ल्याजवळ १ ली हैदराबाद इन्फंट्री होती. तिच्या मोर्चांवर २ ऱ्या शीख पलटणीने हल्ला केला. सकाळी ९ वाजता चिलखती दळ नळदुर्गजवळच्या जळकोटला होते. तेथून ९ व्या डोग्रा पलटणीचे लेफ्टनंट कर्नल राम सिंग यांची तुकडी पुढे निघाली आणि दुपारी सव्वातीनला सरहद्दीपासून ६१ कि.मी. आतल्या उमरग्याला पोहोचून तिने तेथील रझाकारांचा प्रतिकार मोडला. दुसरी तुकडी पहाटे तुळजापूरला भिडली. तेथे १ ल्या हैदराबाद इन्फंट्रीची एक तुकडी व सुमारे २०० रझाकार दोन तास लढून शरण आले. लोहाऱ्याकडची वाट नदीच्या पुराने अडवली. १७ सप्टेंबरला निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली व १८ ला संस्थानी फौजेचे प्रमुख जनरल एल इद्रूस यांनी चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली.

उत्तरकांड : सैन्य पुढे सरकले तसा मागच्या गावांत संस्थानी अंमल नाहीसा झाला आणि नवा अंमल बसायला वेळ लागला. या मोकळ्या दिवसांत कत्तली झाल्या. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानाचा दौरा केला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत समितीने उस्मानाबादचे नाव घेतले. इतर तीन गुलबर्गा, बीदर व नांदेड. या चारांत मिळून मृतांचा आकडा १८,००० पेक्षा कमी नसावा आणि संपूर्ण संस्थानात तो किमान २७,००० ते ४०,००० असावा, असा तिचा अंदाज. लातुरात हत्या वीस दिवसांहून अधिक चालल्या. तेथील सुमारे १०,००० मुसलमानांपैकी समितीला जेमतेम ३,००० आढळले, हजारांहून अधिक मारले गेले व उरलेले सर्वस्व गमावून पळाले. लूट, जाळपोळ, स्त्रियांवरील अत्याचार, सक्तीचे धर्मांतर यांच्याही नोंदी अहवालात आहेत. काही ठिकाणी समितीने प्रेतांनी भरलेल्या विहिरी पाहिल्या. एका विहिरीत अकरा देह मोजले, त्यांत छातीशी मूल धरलेली एक स्त्री होती. काही ठिकाणी सैनिक व पोलीसही लुटीत सामील झाल्याचे समितीचे म्हणणे आहे. सोलापूर व इतर शहरांतून आलेल्या टोळ्यांचाही तिने उल्लेख केला. तसेच हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबे वाचवल्याची उदाहरणेही तिने नोंदवली.

उमरग्याला चिलखती गाड्या किती वाजता पोहोचल्या ते मिनिटांपर्यंत नोंदलेले आहे. लातूरच्या वीस दिवसांना अहवालात मोजकी वाक्ये मिळाली. हे प्रमाण प्रस्तुत नोंदीतही उतरले आहे आणि ते बदलले पाहिजे.

आकड्यांचा वाद : सरदार पटेल यांनी समितीचे अधिकारस्वरूप व निष्कर्ष मानले नाहीत. अहवाल तेव्हा प्रसिद्ध झाला नाही. उतारे प्रथम उमर खालिदी यांच्या १९८८ च्या संकलनात व पुढे ए. जी. नूराणी यांच्या लेखनातून वाचकांपुढे आले. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९५० मध्येच याहून मोठ्या अंदाजांचा उल्लेख केला होता. मराठीत अनंत भालेराव व नरहर कुरुंदकर यांनी मुक्तिसंग्रामाचे समग्र विवेचन केले. कत्तलींचा जिल्हावार अभ्यास मात्र प्रामुख्याने इंग्रजीत झाला आहे.

दलित : इत्तेहादने अस्पृश्य समाजाला जवळ करण्याचा प्रयत्न केला, पण डॉ. आंबेडकरांनी १९४७ च्या अखेरीस त्या समाजाला निजामाची बाजू न घेण्याचे आवाहन केले.

परिणाम : १९४९ अखेरपर्यंत चौधरी लष्करी राज्यपाल होते. जुने मुसलमान अधिकारी मोठ्या प्रमाणावर गेले व शेजारच्या प्रांतांतून, मराठवाड्यात विशेषतः मुंबईहून, नवे आले. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० मध्ये कूळकायदा आला. म्हणजे संघर्षाच्या मुळाशी असलेल्या जमीनव्यवस्थेला हात लागला, पण कत्तलीच्या खटल्यांना तेवढा जोर मिळाला नाही. जिल्हा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

स्मरण : १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. (पहा : रझाकार, लातूर, रामानंद तीर्थ, स्वामी, सुंदरलाल समिती.)