डाळिंबसालीतील कृमिघ्न द्रव्ये
डाळिंबाच्या (प्युनिका ग्रॅनॅटम, कुल–लिथ्रेसी) मुळाच्या व खोडाच्या सालीत आढळणारी, पट्टकृमींवर परिणामकारक अशी अल्कलॉइडे. (पहा : अल्कलॉइडे, पट्टकृमी).

सालीचा काढा जंतांवर देण्याची रीत प्राचीन असून आयुर्वेदातही ती आढळते. फ्रेंच औषधनिर्माते शार्ल तांरे यांनी १८७८ मध्ये यातील क्रियाशील अल्कलॉइड वेगळे केले आणि क्विनीनच्या संशोधकांपैकी एक असलेल्या पेल्त्ये यांच्या नावावरून त्याला ‘पेलेटिएरीन’ म्हटले. आयसोपेलेटिएरीन, मिथिलपेलेटिएरीन व स्यूडोपेलेटिएरीन ही याच गटातील होत.

मुळाची साल आतून पिवळसर व तुरट असते. चघळल्यास लाळ पिवळी होते. अल्कलॉइडांमुळे कृमी लुळा पडून आतड्याच्या भित्तीवरील पकड सोडतो, परंतु मरतोच असे नाही. म्हणून मागोमाग रेचक देत. अल्कलॉइड रक्तात कमी शोषले जावे यासाठी पेलेटिएरीन टॅनेट हे लवण वापरीत. मात्रा वाढल्यास चक्कर, उलट्या व दृष्टिदोष संभवतात. निक्लोसामाइड व प्राझिक्वांटेल आल्यावर हा वापर मागे पडला.

सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः सांगोला, पंढरपूर व मंगळवेढा तालुक्यांत, डाळिंब पिकते ते फळासाठी. साल येथे गौण. ‘सोलापूर डाळिंब’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे. कृमिघ्न द्रव्ये असूनही झाड किडींपासून सुरक्षित नाही : सुरसा अळी फळ पोखरते व तिच्यासाठी निंबोळी अर्क फवारतात. (पहा : कडुनिंब; डाळिंब).