खेळाचं पाणी येतं कुठून? भेडाघाट, बरगी आणि कोलाड

आज थोडं पाण्यात उतरू. सुट्टी लागली की घरातलं कोणीतरी म्हणतं, “चला, यंदा राफ्टिंग करू.” आणि मग जन्मात कधी विहिरीतही न उतरलेली माणसं नारिंगी जॅकेट घालून, हेल्मेटचा पट्टा आवळून रबरी होडीच्या काठावर बसतात. पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. पण इतिहासाची खोड असलेल्या माणसाला तिथे एक जादा प्रश्न पडतो. ऐन एप्रिलमध्ये, गावोगावचे ओढे आटलेले असताना, या नदीला एवढं पाणी आलं कुठून?

उत्तर शोधायला आपण जबलपूरला जाऊ. हे शहर आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. गढा-मंडल्याचं गोंड राज्य 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी घेतलं, पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि 1817 मध्ये इंग्रजांनी जबलपूरचा ताबा घेतला. पुढे बराच काळ, 1956 पर्यंत, नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती.

शहराजवळच भेडाघाट. नर्मदा धुआंधारला कोसळते आणि मग संगमरवराच्या खिंडीत शिरते. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर फुटांचे कडे, मधे संथ, खोल पाणी. एका जागी कडे इतके जवळ येतात की तिला ‘बंदर कूदनी’ म्हणतात, म्हणजे वानराने उडी मारून पलीकडे जावं अशी जागा. पंचवटी घाटावरून होड्या सुटतात. नावाडी वल्ही मारता मारता हिंदीत यमकं जुळवत कड्यांची ओळख करून देतो, आणि ती ऐकण्यासाठी तरी एकदा जावं. पावसाळ्यात मात्र होड्या बंद. स्थानिक पोरं कड्यांवरून पाण्यात सूर मारतात आणि पाहणारे त्यांच्या हातावर चार पैसे ठेवतात. साहसी जलक्रीडा हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचायच्या कितीतरी आधीपासूनचा हा प्रकार आहे.

याच पाण्यातली एक जुनी उडी नोंदलेली आहे, आणि ती खेळाची नव्हती. मुंबईकडून येणारी जी.आय.पी. रेल्वे आणि अलाहाबादेकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे 1870 च्या मार्चमध्ये जबलपूरला जोडल्या गेल्या आणि मुंबई-कलकत्ता असा सलग लोहमार्ग झाला. त्यासाठी नर्मदेवर पूल कुठे बांधायचा याची पाहणी आधी चालू होती. त्या कामावरचे दोन इंग्रज अभियंते होडीतून या खिंडीत शिरले. कड्यांना आग्या माश्यांची भलीमोठी पोळी लटकलेली असतात. माश्या उठल्या. दोघांनीही पाण्यात उड्या टाकल्या. एक जण वाचला. दुसरा, बॉडिंग्टन, दम घ्यायला डोकं वर काढी आणि माश्या पुन्हा तुटून पडत, असं होत होत बुडाला. त्याचं थडगं तिथेच बांधलं गेलं. आजही नावाडी खिंडीत विडी पेटवू देत नाहीत, आरडाओरडा करू देत नाहीत. पर्यटकांना वाटतं, उगाच धाक घालतायत.

ही झाली मोकळ्या नर्मदेची गोष्ट. आता जबलपूरहून वरच्या अंगाला जाऊ, बरगीला. नर्मदेच्या मुख्य प्रवाहावर मोठ्या धरणांची जी साखळी आखली गेली, तिच्यातलं पूर्ण झालेलं पहिलं धरण हे. काम सत्तरच्या दशकात सुरू झालं, 1990 मध्ये संपलं. जलाशयाला 1857 च्या लढ्यातल्या रामगढच्या राणी अवंतीबाईंचं नाव आहे. पर्यटन विभागाने इथे बोटिंग आणलं, आणि पहिल्यांदा वेगवान बोटीत बसून किंचाळणाऱ्याला आजूबाजूला फक्त निळं पाणी दिसतं.

त्या पाण्याखाली आणि त्याच्या काठावर मंडला, शिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतली 162 गावं होती. बहुतेक वस्ती गोंड आदिवासींची. पाणी चढलं तेव्हा सरकारी हिशेबात न धरलेली गावंही त्यात गेली. लोक वरच्या टेकाडांवर सरकले, कित्येक जबलपुरात रिक्षा ओढायला गेले. लढून लढून 1994 मध्ये त्यांनी जलाशयातल्या मासेमारीचा हक्क आपल्या सहकारी संघासाठी मिळवला. म्हणजे शेत बुडालं, आता त्याच शेतावरच्या पाण्यात जाळं टाकायचं. पुढे याच जलाशयाच्या काठी चुटका इथे अणुवीज प्रकल्प ठरला, तेव्हा एकदा उठलेल्यांना दुसऱ्यांदा उठायची पाळी आली. त्यांचा विरोध मी तरी हट्ट म्हणणार नाही.

धरणाने नदीचा स्वभावही बदलला. पूर्वी पाणी चढायचं ते आभाळाकडे पाहून कळायचं. आता ग्वारीघाट, तिलवाराघाट, भेडाघाट हे सगळे धरणाखाली आहेत. दरवाजे किती उघडले, वीजघर चालू आहे की बंद, यावर पाणी ठरतं. हे न कळल्याने काय होतं ते नर्मदेच्या खालच्या अंगाला, देवास जिल्ह्यातल्या धाराजीला दिसलं. एप्रिल 2005, अमावास्येची जत्रा, पात्रात हजारो माणसं. वरच्या इंदिरासागर धरणातून पाणी सुटलं आणि डझनावारी भाविक वाहून गेले. आभाळात ढग नव्हता.

आता घरी येऊ, कोलाडला. मुंबई-पुण्याच्या कितीतरी लोकांचं पहिलं राफ्टिंग कुंडलिका नदीत होतं. सह्याद्रीतून उतरणारी एवढीशी नदी उन्हाळ्यात अशी फेसाळते कशी? कारण ते पाणी मुळात तिचं नाहीच. ते मुळशीचं आहे. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात, तिथे चक्रं फिरवून ते कुंडलिकेत येतं. वीजघर चालतं तेव्हा नदी वाहते, म्हणून राफ्टिंगवाले तुम्हाला भल्या सकाळी उठवतात. उशीर केलात तर होडी असेल, नदी नसेल.

आणि मुळशी म्हटलं की 16 एप्रिल 1921. रामनवमीचा दिवस. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, धरणाचं काम काही काळ बंद पाडलं. बायकामुलांसह लोक तुरुंगात गेले. याच लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव दिलं. 1924 च्या अखेरीस त्यांना अटक झाली आणि लांबलचक शिक्षा लागली. लढा मोडला आणि 1927 मध्ये भिऱ्याची वीज मुंबईला पोचली. मोबदला मिळाला तो बराचसा ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्यांना, आणि त्यांतले पुष्कळ पुण्याचे सावकार. कसणारा कूळ मोकळ्या हाताने उठला. वीज नकोच होती असं मला म्हणायचं नाही. मुंबईच्या गिरण्या आणि लोकल त्यावर चालल्या. पण हिशेबाच्या वहीत एक बाजू कोरीच राहिली.

तुम्ही पहिल्यांदा जाणार असाल तर दोन शब्द. जॅकेटचे सगळे पट्टे बांधा आणि वाटाड्याला ते ओढून बघू द्या. होडीतून पडलात तर उभं राहायची धडपड करू नका. दगडात पाय अडकला की प्रवाह माणसाला पुढे दाबतो आणि गुडघाभर पाण्यातही जीव जातो. उताणे व्हा, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने ठेवा, दोरी येईपर्यंत वाहत राहा. आणि निघण्यापूर्वी वाटाड्याला विचारा, आज पाणी किती वाजता सुटलंय, किती वेळ राहणार आहे. नीट चालवणारा असेल तर त्याच्याकडे याचं उत्तर तयार असतं.