बिघडलेलं नाव: टोकियोची फाइल आणि वाशिमचा ताम्रपट

आजचा एपिसोड वाशिमचा आहे, पण आधी जपानला जाऊन येऊ.

डिसेंबर १९७५मध्ये टोकियोत कॉमिकेट पहिल्यांदा भरलं. ३२ गट आणि साधारण ७०० माणसं. चाहत्यांनी स्वतः काढलेली मासिकं, म्हणजे दोजिनशी, तिथं विकायला होती. पुढे चाहत्यांचे गेम आले, गाणी आली. प्रती मोजक्याच. मग वीस-पंचवीस वर्षांनी कुणाला एखादी जुनी फाइल सापडते, पण तिचं नाव वाचता येत नाही, नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात.

हे का होतं? कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याचा एक तक्ता असतो. लिहिताना एक तक्ता आणि वाचताना दुसरा असला की नावाचा बट्ट्याबोळ. जपानीत याला ‘मोजिबाके’ म्हणतात. मोजि म्हणजे अक्षर, बाके म्हणजे रूप पालटणं. भुताला तिथं ओबाके म्हणतात, तो शब्दही याच मुळातला.

ओळखायची एक खूण सांगतो. यूटीएफ-८मधला मजकूर चुकून युरोपी तक्त्याने वाचला, की डोक्यावर नागमोडी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ पुन्हापुन्हा दिसतो. तसं दिसलं तर मूळ बहुधा जपानी काना लिपी. ‘ए’वर तिरकी रेघ दिसली तर मूळ बहुधा आपली देवनागरी किंवा दुसरी भारतीय लिपी. म्हणजे बिघाडालाही नियम असतो, आणि नियम आहे म्हणूनच मागे जाता येतं.

आता अजिंठा. लेणं क्रमांक १६मध्ये वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. तो बराच झिजलाय. सुरुवातीच्या अभ्यासकांनी त्यातली राजांची नावं रुद्रसेन आणि पृथिवीषेण अशी वाचली. का? कारण ही नावं वाकाटकांच्या दुसऱ्या ताम्रपटांतून आधीच माहीत होती. अर्धवट अक्षर दिसलं की ओळखीचं नाव तिथं बसतं. मोबाइलचा ऑटोकरेक्टसुद्धा हेच करतो की!

मग १९३९मध्ये वाशिमला ताम्रपट मिळाला. राजा विंध्यशक्ती, राज्याचं ३७वं वर्ष, आणि ताम्रपट दिला वत्सगुल्महून, म्हणजे आजच्या वाशिमहून. वंशावळ संस्कृतात, दानाचा तपशील प्राकृतात. आणि वंशावळीत काय? प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन, त्याचा मुलगा विंध्यशक्ती. वा. वि. मिराशींनी ही वंशावळ हाताशी धरून अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला. रुद्रसेनाच्या जागी सर्वसेन निघाला, पृथिवीषेणाच्या जागी विंध्यसेन. दोन नावं सुधारली आणि वाकाटकांची एक अख्खी शाखा इतिहासात परत आली. अजिंठ्याची वैभवाची लेणी ज्याच्या काळातली मानतात, तो हरिषेण याच वत्सगुल्म शाखेचा.

सर्वसेन कवीही होता. त्याचं ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज हरवलंय. आनंदवर्धनासारख्या काव्यशास्त्रज्ञांनी त्याचा उल्लेख केला, इतरांनी त्यातले श्लोक उद्धृत केले, म्हणून ते होतं एवढं तरी कळतं. दुसऱ्याच्या पानावर उरलेलं काव्य! एखादी दोजिनशीसुद्धा अशीच कुणाच्या तरी यादीत नावापुरती उरते.

गावाच्या नावाचंही तेच झालं. संस्कृतात वत्सगुल्म, प्राकृतात वच्छोम, इंग्रजांच्या कागदांत बासिम, आज वाशिम. वऱ्हाडातला बासिम जिल्हा १९०५मध्ये मोडून अकोल्यात गेला. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. त्यामुळे १८९०च्या सुमाराचं काही हवं असेल आणि तुम्ही फक्त ‘वाशिम’ टाकून सर्च केलंत, तर बरंच हाताला लागणार नाही. ‘बासिम’ टाकून बघा.

तर मंडळी, विचित्र नाव दिसलं की लगेच ‘दुरुस्त’ करू नका. आधी जसंच्या तसं उतरवून ठेवा, मग दुसरी प्रत शोधा. अजिंठ्याचं कोडं सुटायला वाशिमचा ताम्रपट लागला. तुमच्याकडच्या कोड्याची दुसरी प्रतही कुठंतरी असेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. ऐकत राहा!