आदिवासी समाज आणि मूत्रपिंड-विकारांचे आरोग्यशिक्षण : नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात

२०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यातील सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील कोकणा, वारली, महादेव कोळी समाजापर्यंत शासकीय आरोग्यशिक्षण टप्प्याटप्प्याने पोहोचले. १९७७ ची ग्रामीण आरोग्यसेवक योजना, १९९५ च्या सुमाराची नवसंजीवन योजना, २००५ नंतरच्या आशा कार्यकर्त्या हे त्यातील ठळक टप्पे होत. साथीचे रोग, बाळंतपण आणि कुपोषण हेच या शिक्षणाचे मुख्य विषय राहिले व ते स्वाभाविकही होते. मूत्रपिंडाचा विचार मात्र फार उशिरा झाला. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला तोही उपचारापुरता. पेठहून नाशिकला आठवड्यातून दोन-तीनदा येणाऱ्या मजुराची बुडालेली रोजंदारी मोफत उपचाराच्या हिशेबात धरली जात नाही.

"काय दुखते?" हा प्रश्न भगत आणि डॉक्टर दोघेही प्रथम विचारतात. मूत्रपिंडाच्या विकारात त्याचे उत्तर बराच काळ "काहीच नाही" असेच असते. त्यामुळे केवळ भाषांतरित पत्रकाने हे शिक्षण साधत नाही.

सिकलसेल आजाराचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत प्रथम नोंदला गेलेला हा आजार पश्चिम व मध्य भारतातील अनेक जमातींत आढळतो. त्यात लघवी घट्ट करण्याची मूत्रपिंडाची क्षमता लवकर क्षीण होते. शरीरातील पाणी कमी झाले तरी लघवी फिकटच राहते. "लघवी पिवळी दिसली की पाणी प्या" हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला अशा रुग्णाची दिशाभूल करतो. अंगदुखीसाठी वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाची आणखी हानी करतात. २०२३ च्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे तपासणीला वेग आला. परंतु तपासणीचा कागद हाती देणे म्हणजे शिक्षण नव्हे.

याबाबत दोन पूर्वानुभव उद्बोधक आहेत. गडचिरोलीत १९८६ पासून कार्यरत असलेल्या 'सर्च' संस्थेने आदिवासींचे म्हणणे ऐकून रुग्णालयाची रचना त्यांच्या गावासारखी केली व त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. ऑस्ट्रेलियात मध्यवर्ती वाळवंटातील पिंटुपी चित्रकारांनी २००० मध्ये स्वतःच्या चित्रांच्या लिलावातून दहा लाखांहून अधिक डॉलर उभे केले. डायलिसिससाठी गाव सोडावे लागू नये, ही त्यांची मागणी होती. दोन्हीकडे रुग्णसमाज केवळ श्रोता राहिला नाही. याउलट भोवती वारली चित्रांची चौकट आणि आत शहरी मजकूर असे फलक लावणे म्हणजे सजावट होय.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) ही दोन्ही नाशिकमध्येच आहेत. कोकणा व वारली बोलीतील साहित्य स्थानिक आशा आणि भगत यांच्यासह तयार करणे त्यांच्या आवाक्यातील आहे. त्यात पहिला प्रश्न पाण्याचाच असावा लागेल. पावसाळ्यात धो-धो पाऊस झेलणाऱ्या सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत स्त्रियांना हंड्याभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो, आणि भरपूर पाणी पिण्याचा सल्ला त्यांनाही तसाच दिला जातो.