राजाचा पैसा मोजणारा बिशप

आजची गोष्ट एका पाद्र्याची. म्हणतात की नॉर्मंडीत इंग्लंडचा राजपुत्र हेन्री एकदा छोट्या चर्चमध्ये प्रार्थनेला थांबला. तिथल्या पाद्र्यानं प्रार्थना इतकी झटपट उरकली की घाईतले सैनिक जाम खूश! हेन्रीनं त्याला सोबतच घेतलं. ही दंतकथा असेल, पण माणूस खरा. नाव रॉजर.

११०० साली हेन्री राजा झाला. रॉजर आधी त्याचा चॅन्सलर झाला, मग सॉल्सबरीचा बिशप. पुढे राजा नॉर्मंडीत असला की इंग्लंडचा कारभार हाच बघायचा.

आता त्याचं खरं काम ऐका. प्रत्येक परगण्याचा शेरीफ राजाचा वसूल आणायचा. पण आकडे रोमन, त्यात शून्यच नाही! मग बेरीज कशी करणार? तर मोठ्या टेबलावर चौकटींचं कापड अंथरायचं. पेनी, शिलिंग, पौंड यांचे वेगळे रकाने, त्यात सोंगट्या मांडायच्या. किती यायला हवे होते, किती आले, सगळं शेरीफच्या डोळ्यांसमोर! कापड दिसायचं बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून या खात्याचं नाव पडलं एक्सचेकर. रॉजरच्या हाताखाली ही घडी नीट बसली. ११३० सालचे हिशेब आजही शिल्लक आहेत.

पण रॉजरनं स्वतःचाही पसारा वाढवला. किल्ले बांधले, दोन पुतण्यांना बिशप केलं. हेन्रीच्या मुलीला, मटिल्डाला गादी देऊ अशी शपथ घेतली होती; ११३५ मध्ये हेन्री गेल्यावर मात्र तो स्टीफनच्या बाजूनं उभा राहिला. आता अशा माणसावर नवा राजा किती विश्वास ठेवणार?

जून ११३९. ऑक्सफर्डच्या दरबारात नोकरांची मारामारी झाली आणि तेवढं निमित्त करून स्टीफननं रॉजरला पकडलं. पुतण्या नायजेल निसटला आणि डिव्हायझेसच्या किल्ल्यात जाऊन बसला. स्टीफन रॉजरला घेऊन तिथं पोचला. रॉजरच्या मुलाच्या गळ्यात फास अडकवला. किल्ला द्या, नाहीतर हा मेला! किल्ला गेला. त्याच डिसेंबरमध्ये रॉजरही गेला.

पुढे यादवीत हिशेबाची घडी विस्कटली. ११५४ मध्ये दुसरा हेन्री राजा झाला, तेव्हा ती परत बसवायला बोलावलं कुणाला? त्याच नायजेलला! कारण काकाचं काम त्याला ठाऊक होतं. नायजेलच्या मुलानं तर या खात्यावर पुस्तकच लिहिलं.

ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात. रॉजरचे किल्ले राजानं काही दिवसांत काढून घेतले. त्या चौकटीच्या कापडाचं नाव मात्र अजून टिकून आहे.

भेटू पुढच्या भागात!