सन १८५० चा उमेदवारी-कायदा व बालगुन्हेगारी

इंग्रजी अमदानींतील कायद्यांकडे संशोधकांचें लक्ष बहुधा जमीन, वतन व सारा ह्यांपुरतेंच जातें. मुलांच्या गुन्ह्यांचें कारण ज्यांतून उमगतें असा सन १८५० चा १९ वा कायदा त्यामुळें उपेक्षित राहिला आहे. त्यांतील एका तरतुदीचा येथें आम्ही विचार करीत आहों.

दहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुलास धंदा शिकण्यासाठीं उस्तादाकडे उमेदवार ठेवण्याचा करार ह्या कायद्यान्वयें बापास वा पालकास करतां येई. मुदत सात वर्षांहून अधिक नसे. पोरकें मूल, आईबापांनीं टाकलेलें गरीब मूल आणि भटकेपणा वा किरकोळ अपराध शाबीत झालेलें मूल, ह्या तिघांपुरता पालकाचा अधिकार मॅजिस्ट्रेटास दिला होता. तिघांस एकाच पंक्तीस बसविल्यानें अपराधाचें मूळ पालकाच्या व धंद्याच्या अभावांत आहे, हें कायदा करणारांनीं न बोलतां मान्य केलें. पुढें सन १८७१ मध्यें जमातीवरून गुन्हेगार ठरविणारा कायदा इंग्रज सरकारनेंच केला, हें ध्यानांत घेतां ह्या कबुलीचें मोल वाढतें.

मात्र ह्या मांडणींत दारिद्र्य व अपराध एका दावणीला बांधले गेले, हा दोषहि होताच. सन १८९७ च्या सुधारशाळा-कायद्यानें पंधरा वर्षांखालील अपराधी मुलग्यास तुरुंगाऐवजीं तीन ते सात वर्षें शाळेंत ठेवण्याची सोय केली. तुरुंग टळला, पण घर दुरावलें. सन १९८६, २००० व २०१५ च्या बालन्याय-कायद्यांनीं निराधार मूल व अपराधाचा आरोप असलेलें मूल हे वर्ग निराळे केले. सन २०१५ च्या कायद्यांत तर संस्थेंत ठेवणें हा अखेरचा उपाय मानला असून, समुपदेश व देखरेखीखालीं घरीं पाठविणें हे मार्ग दिले आहेत.

ह्याच कायद्याच्या २४ व्या कलमान्वयें, कांहीं अपवाद वगळतां, मुलाच्या दोषसिद्धीचे कागद यथाकाळ नष्ट करावयाचे असतात. कागद जपणें हें आमचें व्रत. तरी हा नाश आम्हांस मान्य आहे. जुना कागद नोकरीच्या आड आला, तर धंद्यावांचून राहिलेला तरुण पुन्हां त्याच वाटेस लागतो. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, उमेदवारीचे जुने करारनामे आढळल्यास त्यांतील धंदा, वय व मुदत ह्यांच्या नोंदी प्रसिद्ध कराव्या; हयात मुलांचीं नांवें मात्र दप्तराबाहेर येऊं देऊं नयेत.